विलंबाची किंमत कोणी मोजायची?

एअर इंडिया एक्स्प्रेस या कंपनीची उड्डाणे ७ मे २०२४च्या रात्रीपासून एकामागून एक रद्द होऊ लागली, तेव्हा त्या घटनेची चर्चा मुख्यतः दोन अंगांनी झाली. एक अंग ‘प्रवाशांचे हाल’ या ठरीव मथळ्याचे. दुसरे, आजारपणाची रजा टाकून घरी बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या बेजबाबदारपणाचे. दोनशेहून अधिक कर्मचारी एकाच रात्री आजारी पडले यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि बसण्याचे कारणही नव्हते. परंतु एवढ्या माणसांना नोकरी पणाला लावून आजारपणाचा आडोसा का घ्यावा लागला, आणि त्या विमानांची वाट पाहत विमानतळाच्या फरशीवर रात्र काढणारी माणसे नेमकी कोण होती, हे दोन प्रश्न मात्र मागेच राहिले. विलंबाच्या साऱ्या राजकारणाचे मर्म या दोन प्रश्नांत आहे.

विमानप्रवास म्हणजे धनिकांचा विषय, अशी समजूत पुरोगामी वर्तुळांतही रूढ आहे. एस.टी.च्या फलाटावर तासन् तास उभ्या राहणाऱ्यांचे दुःख ज्यांना समजते, तेही विमानतळावर अडकलेल्या माणसाबद्दल बोलताना कुत्सितपणे हसतात. ही समजूत आखाती देशांकडे जाणाऱ्या एका विमानात डोकावले तरी गळून पडेल. एअर इंडिया एक्स्प्रेस ही कंपनीच मुळी २००५ साली, सरकारी मालकीच्या एअर इंडियाची उपकंपनी म्हणून, आखातात राबणाऱ्या कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात ने-आण करण्यासाठी जन्माला आली. तिचे पहिले उड्डाण तिरुवनंतपुरमहून अबू धाबीला गेले, न्यूयॉर्कला नव्हे. तिच्या विमानांत बसतात ते गवंडी, वायरमन, ड्रायव्हर, हॉटेलांतील वाढपी, रुग्णालयांतील परिचारिका आणि त्यांच्या बायकामुलांचे तांडे. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या कित्येक गावांत असे घर शोधावे लागते, ज्यातील एखादा मुलगा वा जावई मस्कत, दुबई, दोहा वा कुवेतला नाही. गोव्यातील कितीतरी कुटुंबांची चूल दोन पिढ्या आखातातील पगारावर पेटली आहे. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार ज्यांच्या पारपत्रावर परदेशी नोकरीसाठी सरकारी तपासणीची अट लागू होते, अशा अल्पशिक्षित कामगारांचा हा वर्ग आहे. त्याला धनिक म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

या वर्गाचे देशावरचे ऋण किती आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. २०२३-२४ या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी ११८ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम धाडली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यातील मोठा हिस्सा अजूनही आखाती देशांतून येतो, आणि ही रक्कम मिळविणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र व केरळ अग्रभागी आहेत. परकीय चलनाच्या गंगाजळीचे गोडवे गाताना या माणसांना ‘राष्ट्राचे दूत’ म्हटले जाते. तेच दूत मुलाबाळांसह विमानतळावर अडकून पडले की त्यांच्या हाती पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा ठेवून त्यांची बोळवण केली जाते.

त्या मे महिन्यातील एक घटना देशभर गाजली. केरळमधील एका स्त्रीचा पती मस्कतमध्ये हृदयविकाराने रुग्णालयात दाखल झाला होता. त्याच्याजवळ पोहोचण्यासाठी तिने दुसऱ्याच दिवसाचे तिकीट काढले. ती विमानतळावर आली तेव्हा उड्डाण रद्द झाले होते. तिने गयावया केली, वाद घातला. तेव्हा पुढील दिवसाच्या विमानात जागा देण्यात आली. तेही रद्द झाले. त्यानंतर काही दिवसांतच पतीचे मस्कतमध्ये निधन झाले, आणि दोघांची भेट झालीच नाही. ती वेळेवर पोहोचली असती तर तो वाचला असता, असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणण्याची आवश्यकताही नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसण्याचा अधिकार त्याच्या पत्नीला असतो, आणि तो अधिकार बाजारात विकत घेतलेल्या तिकिटाबरोबर बाजारानेच हिरावून घेतला, एवढे सत्य पुरेसे भयंकर आहे.

श्रीमंत प्रवाशाचा आणि या स्त्रीचा विलंब घड्याळात सारखाच भरतो. जीवनात तो सारखा नसतो. पैसेवाला मनुष्य एक विमान चुकले तर तासाभरात दुसऱ्या कंपनीचे, तिप्पट दराचे तिकीट काढतो. त्याचे हाल झाले तरी ते पंचतारांकित हॉटेलात होतात. ज्याने उसनवारी करून तिकीट काढलेले असते त्याला दुसरे तिकीट काढण्याचा मार्ग नसतो. परताव्याची रक्कम खात्यावर येईपर्यंत त्याने कशावर दिवस काढायचे? आखातातील मजुराला वर्षा-दोन वर्षांतून एकदा महिना-दीड महिन्याची रजा मिळते. त्या रजेचे पहिले दोन दिवस लहान मुलाने बापाला ओळखण्यातच जातात. त्यात आणखी दोन दिवस विमानतळावर वाया गेले, तर त्याचा हिशेब कोणत्या कोष्टकात मांडायचा? परतीच्या प्रवासात उशीर झाला तर मालक पगार कापतो, कधी नोकरीच जाते. कोकणातल्या मुसलमान घरात मयत झाली तर दफन त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी उरकले जाते. मस्कतहून निघालेला मुलगा एक रात्र अडकला, तर त्याच्या वाट्याला बापाचा चेहरा नव्हे, मातीचा ओला ढिगारा येतो. आणि प्रथमच परदेशी निघालेली, कडेवर मूल घेतलेली, इंग्रजी न समजणारी स्त्री परक्या देशाच्या विमानतळावर अडकते तेव्हा तिला कोणाकडे काय मागायचे हेही ठाऊक नसते. काळ सर्वांना समान वाटलेला आहे, असे तत्त्वज्ञ म्हणोत. व्यवहारात काळाचीही वर्गवारी झालेली आहे.

अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो? भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांच्या सोयीसाठी नियम केले आहेत. मे २०२४मध्ये लागू असलेल्या त्या नियमांनुसार विलंब दोन ते चार तासांपलीकडे गेला की, प्रवासाच्या लांबीप्रमाणे, चहा-फराळ वा जेवण मिळे. सहा तासांहून अधिक झाला तर दुसरे विमान वा तिकिटाचे पैसे परत. एक अहोरात्र लोटली, अथवा रात्रीच्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाला, तर हॉटेल. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर भरपाई जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि तीही मूळ भाडे व इंधन-आकार यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच. म्हणजे तिकीट जितके स्वस्त, तितकी माणसाची तारांबळही स्वस्त! निव्वळ विलंबासाठी मात्र रोख भरपाई म्हणून एक पैसाही नाही. दहा तास उशिरा का होईना, विमान उडाले की कंपनी गंगेत न्हाली.

या नियमांतील सर्वांत बोलके कलम वेगळेच आहे. कंपनीच्या आवाक्याबाहेरील असाधारण परिस्थितीमुळे उड्डाण रद्द वा विलंबित झाले तर भरपाई द्यावी लागत नाही. आणि या असाधारण परिस्थितीच्या यादीत यादवी युद्ध, दंगल, महापूर, स्फोट यांच्या मांडीला मांडी लावून बसविले आहेत संप आणि कामगार-तंटे! मालकाने आपल्या नोकरांशी केलेला करार मोडावा, भत्ते कापावेत, तक्रार करणाऱ्यांना धमकवावे, आणि त्यातून काम बंद पडले की ‘ही तर दैवी आपत्ती’ असे म्हणून प्रवाशांपुढे हात वर करावेत, अशी मुभा नियमानेच देऊन ठेवली आहे. नोकरांचा पगार ठरविणे ही गोष्ट मालकाच्या आवाक्याबाहेरची केव्हापासून झाली?

हाच प्रश्न युरोपातील न्यायालयापुढे आला होता. सप्टेंबर २०१६च्या अखेरीस जर्मनीतील टुईफ्लाय या विमान कंपनीच्या व्यवस्थापनाने पुनर्रचनेची घोषणा अचानक केली, आणि तिचे कर्मचारी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले. उड्डाणे रद्द झाली, प्रवाशांनी भरपाई मागितली, कंपनीने असाधारण परिस्थितीकडे बोट दाखविले. एप्रिल २०१८मध्ये युरोपीय न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. पुनर्रचना हा कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचा भाग आहे, त्यातून उद्भवणारे कामगारांशी तंटे हे त्या कारभाराचेच अंग होय, असा त्या निकालाचा मथितार्थ. मे २०२४मध्ये भारतात घडले ते याहून वेगळे नव्हते. एअर इंडिया समूह २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांच्या स्वाधीन झाल्यानंतर दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची प्रक्रिया सुरू होती. नव्या अटी, कमी झालेले भत्ते आणि असमान वागणूक यांविषयी कर्मचारी तक्रार करीत होते. त्या तक्रारी केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेपर्यंत आधीच पोहोचल्या होत्या. त्यांची संघटना भारतीय मजदूर संघाशी संलग्न असल्यामुळे ‘डाव्यांचे कारस्थान’ हा हुकमी आरोपही करण्याची सोय नव्हती. व्यवस्थापनाने आधी पंचवीस जणांना बडतर्फ केले, आणि ९ मे रोजी मुख्य श्रम आयुक्तांच्या दिल्लीतील कार्यालयात तडजोड झाल्यावर त्यांना परत घेतले. ज्या टेबलाशी ९ मे रोजी बसता आले, त्याच टेबलाशी एप्रिलमध्ये बसण्यास व्यवस्थापनाचा हात कोणी धरला होता? ते बसले असते तर मस्कतचे विमान उडाले असते.

युरोपचे उदाहरण देण्यात तिकडील व्यवस्थेचे स्तोम माजविण्याचा हेतू नाही. तेथेही भांडवल भांडवलच आहे. परंतु २००५पासून तेथे अमलात असलेल्या नियमाने अंतरानुसार २५०, ४०० वा ६०० युरोंची भरपाई प्रवाशाचा हक्क म्हणून मान्य केली, आणि २००९मध्ये न्यायालयाने तीन तासांहून अधिक विलंबालाही हा हक्क लागू केला. या नियमातील एक गंमत पाहण्यासारखी आहे. एखादे भारतीय कुटुंब फ्रँकफर्टहून भारतीय कंपनीच्या विमानाने मुंबईला निघाले आणि त्याला विलंब झाला, तर त्याला हा हक्क मिळतो; तेच कुटुंब त्याच कंपनीच्या विमानाने मुंबईहून फ्रँकफर्टला निघाले, तर मिळत नाही. कुटुंब तेच, कंपनी तीच. परक्या भूमीवर भारतीय नागरिकाच्या वेळेला मोल आहे. मायभूमीवर मात्र ती फुकट! आखाती मार्गावरील मजुराला तर हे अर्धे भाग्यही नाही. जून २०२५मध्ये युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा चार व सहा तासांपर्यंत वाढविण्याची भूमिका घेतली, यावरून मिळालेला हक्कही सतत राखावा लागतो, हेच सिद्ध होते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवासी अगदीच निराधार नसतो, असे कायदेपंडित सांगतील. १९९९चा माँट्रियल करार भारताने २००९मध्ये स्वीकारला; त्यानुसार विलंबामुळे झालेल्या हानीची जबाबदारी वाहकावर असते, आणि टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजले होते हे कंपनीने सिद्ध करावे लागते. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. परंतु हानी किती झाली हे प्रवाशाने दाखवायचे, त्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी चढायची, वकील गाठायचा, तारखांमागून तारखा झेलायच्या. पंधरा दिवसांनी दुबईला कामावर हजर व्हायचे असलेला प्लंबर हे कसे करणार? ज्या हक्कासाठी रजा काढावी लागते, तो हक्क रजा नसलेल्याचा नव्हेच. आणि पत्नीने पतीला अखेरचे न पाहणे, या हानीची पावती कोणत्या दुकानात मिळते?

येथे खाजगीकरणाचे समर्थक पुढे येतील आणि विचारतील: सरकारी एअर इंडियाची विमाने काय वेळेवर सुटत होती? नव्हती सुटत. १९५३च्या राष्ट्रीयीकरणाने सार्वजनिक मालकीची झालेली ती संस्था मंत्र्यांच्या लहरींनी, नोकरशाहीच्या मग्रुरीने आणि अविचारी खरेदीने पोखरली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी मालकी म्हणजेच समाजवाद, असे समाजवाद्यांनी मानण्याचे कारण नाही. परंतु त्याच संस्थेने १९९०मध्ये कुवेतवर इराकी सैन्य चालून गेले तेव्हा अम्मानहून शेकडो फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. त्या फेऱ्यांचा नफा-तोटा कोणी आधी मांडला नव्हता. सार्वजनिक संस्थेला निदान जाब विचारता येत होता; संसदेत प्रश्न मांडता येत होता. खाजगीकरणाने वक्तशीरपणाचे आश्वासन दिले आणि जबाबदारीतून अंग काढून घेतले. २०१२मध्ये किंगफिशर, २०१९मध्ये जेट, २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली. प्रत्येक वेळी आगाऊ तिकिटे काढलेली कुटुंबे आणि थकलेल्या पगाराचे कर्मचारी एकाच रांगेत उभे राहिले.

ही रांग एकच आहे, हे डिसेंबर २०२५ने पुन्हा दाखवून दिले. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी, आठवड्याला सलग ४८ तास मोकळे मिळावेत, रात्रीच्या अवतरणांची संख्या मर्यादित असावी, असे नियम जानेवारी २०२४मध्ये जाहीर झाले. न्यायालयात रेटा लागल्यावर ते जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. देशांतर्गत वाहतुकीचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा ज्या इंडिगो कंपनीकडे आहे, तिने एवढ्या अवधीत पुरेशी तयारी केली नाही, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली. परदेशी जाणारी जोडविमाने हुकली, लग्ने हुकली, परीक्षा हुकल्या. त्यावर सरकारने काय केले? विश्रांतीचे नियमच शिथिल केले, आणि त्या कंपनीला रात्रपाळीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. कंपनीच्या हलगर्जीपणाचे प्रायश्चित्त वैमानिकाच्या झोपेने घ्यावे, असा हा न्याय! जानेवारी २०२६मध्ये कंपनीला सुमारे २२ कोटी रुपयांचा दंड झाला. २०२४-२५ या वर्षातील तिचा निव्वळ नफा ७,२५८ कोटी रुपये होता. भागाकार केला तर हा दंड एका दिवसाच्या नफ्याहून जेमतेम थोडा अधिक भरतो. ज्या कुटुंबांचे दोन-तीन दिवस बुडाले, त्यांच्या तुलनेत कंपनीचा एकच दिवस बुडाला, तोही वर्षभरात भरून निघणारा.

थकलेला वैमानिक आणि ताटकळलेला प्रवासी हे एकमेकांचे शत्रू आहेत, असे भासविण्यात मालकवर्गाचे हित आहे. विमानतळावरच्या खिडकीशी संतापलेला प्रवासी शिव्या देतो त्या मुलीला, जिचा पगार कदाचित त्याच्याहूनही कमी असेल आणि विमान का सुटले नाही हे जिला कोणी सांगितलेलेच नसते. निर्णय घेणारा त्या खिडकीशी कधीच नसतो. वस्तुतः विलंब आणि शोषण ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत. माणसे कमी नेमायची, राखीव विमान ठेवायचे नाही, प्रत्येक वैमानिक नियमाच्या कमाल मर्यादेपर्यंत राबवायचा, दोन फेऱ्यांमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत ठेवायची नाही. यालाच ‘कार्यक्षमता’ म्हणतात. या कार्यक्षमतेत जे वाचते ते नफ्यात जमा होते. जे फाटते ते प्रवाशाच्या आणि कामगाराच्या माथी मारले जाते.

म्हणून या प्रश्नावर निव्वळ हळहळ व्यक्त करून भागणार नाही. विलंबासाठी रोख भरपाई हा प्रवाशाचा हक्क म्हणून कायद्याने मान्य झाला पाहिजे. ती तिकिटाच्या किमतीवर नव्हे, वाया गेलेल्या वेळेवर ठरली पाहिजे, आणि अर्ज-विनंत्या न करविता आपोआप खात्यावर जमा झाली पाहिजे. कामगार-तंटा हा शब्द असाधारण परिस्थितीच्या यादीतून खोडला गेला पाहिजे. मालकाला कराराच्या टेबलाशी वेळेवर आणण्याचा त्याहून खात्रीचा उपाय नाही. आजारपण वा मृत्यू यांमुळे निघालेल्या प्रवाशाला, आपले उड्डाण रद्द झाल्यास, मिळेल त्या कंपनीच्या पहिल्या विमानाने पोहोचविण्याचे बंधन मूळ कंपनीवर घातले पाहिजे. विश्रांतीचे नियम हे प्रवाशाच्या सुरक्षिततेचे नियम आहेत; ते कोणत्याही कंपनीसाठी स्थगित होता कामा नयेत. आखातातून मृतदेह मायदेशी आणण्यासाठी २००९मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मेलेल्या कामगाराला घरी आणण्याची तजवीज करणाऱ्या राज्यसंस्थेने, जिवंत कामगाराजवळ त्याचे कुटुंब वेळेवर पोहोचेल याचीही तजवीज करावयास नको काय?

हे सारे सरकारच्या कृपेने होणार नाही. युरोपातील प्रवाशांना हक्क मिळाला तोही कायदा, न्यायालये आणि संघटित ग्राहक यांच्या रेट्याने. भारतात प्रवाशांच्या संघटना विस्कळीत आहेत, आखाती कामगारांच्या संघटना केरळबाहेर क्षीण आहेत, आणि वैमानिक व विमान-कर्मचाऱ्यांच्या संघटना स्वतःच्याच लढाईत एकाकी आहेत. या तिन्ही शक्ती एकत्र आणणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे, आणि कोकणपट्टीतील कार्यकर्त्यांनी त्यास आरंभ करावा. गावोगावच्या आखाती कुटुंबांची नोंद करावी, त्यांच्या अडकलेल्या परताव्यांची व बुडालेल्या रोजांची गाऱ्हाणी एकत्र करून ग्राहक आयोगापुढे सामुदायिकपणे मांडावीत, आणि विमान-कर्मचाऱ्यांच्या मागण्यांना या कुटुंबांचा जाहीर पाठिंबा मिळवून द्यावा. ज्या दिवशी मस्कतच्या मजुराची पत्नी आणि विमानातील सेविका एकाच निवेदनावर सही करतील, त्या दिवशी विलंबाची किंमत प्रथमच योग्य पत्त्यावर वसुलीसाठी जाईल.